अर्धा नाला

आमच्या नाल्याच्या काठावर ऋतू बदलल्याची वर्दी गाळ उपसणारा पोकलेन देतो. वैशाखातल्या एखाद्या निपचित दुपारी त्याच्या लोखंडी साखळ्यांचा खडखडाट गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि थोड्याच वेळात वास येतो. वर्षभर तळाशी निजलेला गाळ वर आल्याचा तो वास. त्यात कुजलेला पाला असतो, साबण असतो, ओले कापड असते आणि नाव सांगता येणार नाही असे काहीतरी उग्र असते. शेजारी खिडक्या लावून घेतात. मी मात्र उघडी खिडकी धरून उभी राहते. त्या दिवसापासून माझी झोप उडते, ती गणपती येऊन जाईपर्यंत परतत नाही.

लिहू लागले तेच मुळी उतारवयात, त्यामुळे असल्या विषयावर लेख लिहावा की नाही याचा निर्णय मला नीटसा करता येत नाही. पावसाच्या लेखात मातीचा सुगंध असावा असा संकेत आहे. पण आमच्याकडे मातीच्या आधी गाळ भिजतो, त्याला मी काय करू?

आमची इमारत अंबरनाथ पूर्वेच्या अगदी कडेला आहे, आणि नाल्यापलीकडे उल्हासनगर लागते. मध्ये एक अरुंद साकव आहे. त्यावरून समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकाने मागे सरायचे, अशी रीत आहे. कुणी सरावे यावरून रोज भांडण होते, तीही रीतच. भाजी, कापड, शिवण, औषध, सगळ्यासाठी आम्ही पलीकडे जातो. पलीकडची मुले अलीकडच्या शाळेत येतात. दोन पालिकांची हद्द नाल्याच्या मधोमध, वाहत्या पाण्यातून गेलेली आहे. ती कुणाला दिसत नाही. दिसते ती फक्त पोकलेन चालवणाऱ्याला.

काही वर्षांपूर्वीच्या एका मोसमात मी हे पहिल्यांदा नीट पाहिले. पोकलेनचा लांबलचक हात पाण्यात उतरायचा, मधोमध येऊन थबकायचा आणि तेवढाच गाळ ओरबाडून अलीकडच्या काठावर टाकायचा. तळमजल्यावरच्या सरोजताई हातातले अर्धे चिरलेले पडवळ तसेच धरून बाहेर आल्या.

"अहो, पलीकडचं कोण काढणार? तुमचे पाहुणे?"

चालकाने यंत्राचा आवाज कमी केला. "माताजी, अपनी हद यहीं तक है. उधर का उठाया तो साहब चिल्लाएगा."

"मग पाण्यालाही सांगा की, इथवरच ये म्हणावं!"

तो हसला, आणि त्याने यंत्र पुन्हा चालू केले. पंधरवड्याने पलीकडच्या काठावर पलीकडच्या पालिकेचा पोकलेन आला आणि त्याने आपला अर्धा भाग उपसला. तोवर अलीकडे केलेल्या खोलगटात तिकडचा गाळ सरकून बसला होता. उपसलेला ओला गाळ वाहून नेता येत नाही, तो काठावर सुकू द्यावा लागतो, असा नियम असल्याचे कळले. तो सुकत असतानाच पाऊस आला, आणि ढिगाऱ्यातला बराचसा गाळ आल्या वाटेने परत गेला. मी दुसऱ्या मजल्यावरून हे सगळे पाहत होते. दोन्ही बाजूंनी आपापले काम चोख केले होते. माझ्या अस्वस्थतेचे मूळ बहुधा इथेच असावे. ज्याच्यावर रागवावे असा माणूस त्या अख्ख्या मोसमात मला सापडला नाही.

सरोजताईंच्या चिंतेला कारण होते. त्यांचे यजमान दत्ताभाऊ कारखान्याच्या भट्टीखात्यात आयुष्य काढून निवृत्त झाले, आणि भट्टीने त्यांची फुप्फुसे ठेवून घेतली. जिना चढवत नाही म्हणून तळमजला घेतला. घरात एक यंत्र असते. ते हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीने नाकाशी पोहोचवते. यंत्राला वीज लागते. विजेचे सगळे मीटर आमच्या जिन्याखालच्या खोलीत आहेत. नाल्याचे पाणी त्या खोलीच्या उंबऱ्याला लागले की साऱ्या इमारतीची वीज तोडावी लागते. न तोडावी तर कुणाला झटका बसेल, तोडावी तर दत्ताभाऊंचे यंत्र थांबेल. जवळ एक सिलिंडर असतो, पण तो काही तासांचा सोबती. म्हणजे नाला किती उपसला, हा आमच्यापैकी इतरांसाठी चिखलाचा प्रश्न होता. सरोजताईंसाठी तो श्वासाचा होता.

जिन्याजवळ सभा भरली आणि कुणीतरी म्हणाले, "वहिनींचं मराठी चांगलं आहे, अर्ज त्यांनीच लिहावा." चारचौघांत मला बोलता येत नाही, आणि नाही म्हणायलाही बोलावेच लागते, म्हणून मी होकार दिला. आपण दोन्ही काठांनी मिळून मागणी केली तर तिला वजन येईल, असे मला वाटले. सरोजताईंना बरोबर घेऊन मी साकव ओलांडला. पलीकडे अगदी समोर मनोहरशेठचा जीन्स शिवण्याचा कारखाना आहे. खाली कटिंगचे टेबल आणि शिलाई यंत्रे, वर घर, गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर. शेठनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"भाभी, एकदम कडक मराठी लिहिलं तुम्ही. मला आधा समजला, पण कडक आहे." मग सही करताना म्हणाले, "हिंदीत करू की मराठीत?"

"शेठ, अक्षरं तीच असतात," मी पुटपुटले.

"असं? मग ह्या ऑफिसवाल्यांना पण सांगा ना, पाणी पण तेच असतं!"

आमच्या बाजूच्या पालिकेतला अभियंता तरुण होता आणि अतिशय नम्र होता. त्याने आम्हां दोघींना खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवला. त्याने अर्ज वाचला, सह्यांवरून बोट फिरवले.

"काकू, अर्ज उत्तम आहे. पण यात हद्दीबाहेरच्या नागरिकांच्या सह्या आहेत. असा मला घेता येणार नाही. त्यांचा त्यांनी तिकडे द्यायला हवा."

"बरं."

"आणि आणखी एक. तुम्ही सगळीकडे नदी लिहिलंय. नदी आमच्याकडे येत नाही, काकू."

सरोजताई खुर्चीत पुढे सरकल्या. "येत नाही कशी? दर वर्षी येते की, थेट स्वयंपाकघरापर्यंत!"

तोही हसला, पण हसून झाल्यावर म्हणाला, "नाला लिहा. नाला आमचा."

मी अर्ज पुन्हा लिहिला. ज्या ज्या ठिकाणी नदी होती तिथे नाला केला. पुढे मनोहरशेठ त्यांच्या बाजूला स्वतंत्र अर्ज घेऊन गेले, तेव्हा तिथल्या नकाशात या पाण्याचे नाव नदी असल्याचे निघाले, आणि नदी ही आणखी तिसऱ्याच खात्याची असते. त्यांनी नाला खोडून नदी केली. एकच पाणी अलीकडच्या अर्जात नाला म्हणून निघत होते आणि मध्यावर पोहोचताच नदी होत होते. विभक्तीने नाम बदलते हे मी शिकले होते; हद्दीने नाम बदलते हे व्याकरणात कुठे सांगितलेले नाही. "आमच्या गावाला ह्याला व्हाळ म्हणतात," सरोजताई परतीच्या वाटेवर म्हणाल्या. "व्हाळ कुणाचाच नसतो, म्हणून सगळेच साफ करतात." त्या कोकणातल्या. मला त्यांचे म्हणणे खरे वाटले आणि लगेच खोटेही वाटले. गावोगावच्या व्हाळांची आजची अवस्था मी पाहिलेली आहे.

खरी अडचण आणखी थोडी खाली होती. दोन्ही पालिकांच्या हद्दी संपतात तिथे रेल्वेच्या रुळांचा भराव लागतो, आणि भरावाखाली पाणी पलीकडे जायला एक मोरी आहे. वरून वाहत आलेल्या फांद्या, पिशव्या, थर्माकोल, गाद्या असले सगळे तिच्या तोंडाशी अडकते आणि पाणी मागे फुगते. ती मोरी रुळवाल्यांची. कचरा मात्र अलीकडचा किंवा पलीकडचा. दोन्ही पालिकांना तिथे यंत्र उतरवायला परवानगी हवी, आणि रुळवाल्यांच्या दृष्टीने मोरी सुस्थितीत होती, कारण तिची वीट ढासळलेली नव्हती. यावर उपाय म्हणून 'संयुक्त पाहणी' ठरली. हा शब्द मला फार आवडला होता, हे सांगायला आज संकोच वाटतो. त्यात एकत्र येणे होते आणि पाहणेही होते.

पहिल्या वेळी अलीकडचे आले, पलीकडचे आले, रुळवाले आले नाहीत. संयुक्त म्हणजे सर्व. एकही कमी असला तर झालेली पाहणी संयुक्त ठरत नाही. आलेल्यांनी सरोजताईंचा चहा घेतला, साकवावर उभे राहून पाण्याकडे पाहिले, पण ते पाहणे धरायचे नव्हते. दुसऱ्या वेळी रुळवाले आले तर नदीचे खाते आले नाही. तिसऱ्या वेळी सगळे यायचे होते. त्या दिवशी कुठल्याशा मोठ्या पाहुण्यांचा दौरा निघाला. सरोजताईंनी आले घालून उकळलेला पातेलेभर चहा आम्ही इमारतीतल्या बायकांनीच संपवला. "नवऱ्याला सांगितलं, आज साहेब येणारेत," त्या म्हणाल्या. "तर म्हणतात कसे, मला श्वास घ्यायला एवढी माणसं लागतात होय!"

भर पावसाळ्यातल्या एका दुपारी पाणी आले तेव्हा पावसाचा जोर ओसरला होता, हे मला अजून कोड्यासारखे वाटते. दोन दिवस कोसळून आभाळ थोडे उजळले होते, बायका कपडे बाहेर टाकावेत की काय असा विचार करत होत्या, आणि नाला मात्र आतून फुगल्यासारखा वर येत होता. पुढे नव्हे, वर. मोरी तुंबली होती. पाणी साकवाच्या तळाला लागले, मग साकवावर चढले, मग आमच्या फाटकातून कुणाला न विचारता आत आले. वीज तोडली. दत्ताभाऊंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, यंत्र आणि सिलिंडरसकट, चौघांनी माझ्या घरी आणले, जिन्याच्या प्रत्येक वळणावर सरोजताई म्हणत होत्या, "हळू, हळू, नळी बघा." दोन दिवस वीज जात-येत असल्याने सिलिंडर निम्म्याहून अधिक सरला होता. रुग्णवाहिकेला फोन लागला, पण ती रुळांखालच्या रस्त्यात पाण्याशी येऊन थांबली होती. दत्ताभाऊ माझ्या पलंगावर बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांची बोटे गादीची कड धरून होती.

पलीकडून जनरेटरची धडधड ऐकू येत होती. सरोजताई बाल्कनीत गेल्या आणि त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. "शेठ! ओ मनोहरशेठ!" मीही हाक मारली. माझा आवाज इतका मोठा निघू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

साकव पाण्याखाली होता. शेठ आणि त्यांचा कारागीर गच्चीवर आले, थोडा वेळ एकमेकांशी काहीतरी बोलले, आणि मग खाली जाऊन जीन्सच्या शिलाईचे, जाड पिवळ्या दोऱ्याचे रीळ घेऊन आले. दोऱ्याच्या टोकाला यंत्राचा एक जड नट बांधला होता. "भाभी, हटो! लागेल!" पहिला नट नाल्यात पडला. दुसरा आमच्या खालच्या मजल्याच्या गजाला लागून निसटला. तिसरा बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत येऊन रुतला, आणि आम्ही दोघी त्या दोऱ्यावर अक्षरशः झडप घालून बसलो. दोऱ्याला सुतळी बांधून आली, सुतळीला दोर, दोराला वायर. ओढताना हात कापले गेले तरी कुणाच्या लक्षात आले नाही. दत्ताभाऊंच्या यंत्राचा हिरवा दिवा लागला आणि घरघर सुरू झाली, तेव्हा सरोजताई जमिनीवर बसल्या आणि पदराने तुळशीची सांडलेली माती गोळा करू लागल्या.

"चालू झाला काय?" पलीकडून शेठ ओरडत होते. "अरे, बोला ना कुणीतरी! चालू झाला काय?"

पाणी संध्याकाळी उतरले. वायर मात्र तशीच राहिली. पुढच्या वेळी पुन्हा नेमबाजी नको म्हणून शेठनी ती तारेला बांधून, नळीत घालून पक्की केली. दोन काठांच्या मध्ये, साकवाच्या वर, ती काळी रेघ पाऊसभर लोंबत होती आणि तिच्यावर ओले पक्षी येऊन बसत होते. मला ती बघून बरे वाटायचे.

आणि मग संयुक्त पाहणी झाली. कुणीतरी तक्रार केली असेल, किंवा येता-जाता कुणाच्या नजरेस पडली असेल; पण नाल्यावरून विनापरवाना वायर गेली आहे म्हटल्यावर सगळे आले. अलीकडचे, पलीकडचे, वीजवाले, रुळवाले, आणि कधीही न आलेले नदीचे खातेसुद्धा. रेनकोट घालून, ठरल्या वेळेस. सगळे एकमेकांशी अतिशय अदबीने बोलत होते. साकवावर एवढे अधिकारी एकत्र उभे पाहून माझ्या मनात एक वाक्य तयार झाले, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत नेटके. ते तिथेच राहिले. सरोजताईंनी तेच निम्म्या शब्दांत सांगून टाकले.

"आता आलाच आहात सगळे, तर ती मोरी पण बघून घ्या की. इथून दिसते."

"आजचा विषय तो नाही, ताई," एक वयस्कर साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. खेद होता.

वायर काढावी, यावर सर्वांचे एकमत झाले. आमचा तरुण अभियंता जाताना मागे रेंगाळला. "काकू, मला समजतं हो. पण उद्या कुणाला शॉक लागला तर?" त्याचे म्हणणे बरोबरच होते. त्या मोसमात माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्याच माणसांचे म्हणणे बरोबर होते. मनोहरशेठ कोपरापर्यंत वायर गुंडाळत होते. "भाभी, पहिल्या टाइमला सगळे एकत्र आले, माझ्या वायरमुळे," ते म्हणाले. "मला हार घालायला पाहिजे की नाही?"

यंदा होळीनंतर आमच्या काठाला संरक्षक भिंत मंजूर झाली. इमारतीत पेढे वाटले गेले. कामाच्या मुहूर्ताचा नारळ सरोजताईंच्या हातून फोडायचा असे ठरले, कारण सर्वांत अधिक सोसले ते त्यांनी. त्यांनी नारळ हातात घेतला आणि विचारले, "पलीकडे कधी बांधणार?"

"ती बाजू आमच्या हद्दीत नाही, काकू," अभियंता म्हणाला. "तिकडून प्रस्ताव यायला हवा."

"मग ह्या वेळी पाणी जाईल कुठे?"

मला पाण्याचे शास्त्र कळत नाही, पण एका बाजूने अडवलेले पाणी दुसऱ्या बाजूने वाट काढते हे कळायला शास्त्र लागत नाही, आणि तिथे जमलेल्या प्रत्येकाला ते कळत होते. आमच्या जिन्याखालची खोली कोरडी राहणार होती. सरोजताई नारळ घेऊन किती तरी वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी तो दगडावर आपटला. एका घावात फुटला. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि आपणहून म्हणाल्या, "नको म्हणून कुणाला सांगणार, वहिनी? घरात माणूस आहे." मी त्यांचा हात धरला. हे जर माझ्यावर आले असते तर मीही फोडलाच असता. रात्री मात्र पेढ्याची चव माझ्या जिभेवरून जाता जाईना.

भिंत आता पुरी झाली आहे. पोकलेन परवा येऊन आपला अर्धा भाग उपसून गेला. काल सकाळी आभाळ भरून आले होते, वारा पडला होता, आणि सरोजताईंनी दाराशी येऊन हाक मारली. "चला, शेठचा माल वर चढवू या. आपल्या भिंतीमुळे बिचाऱ्याचं खालचं सगळं जाईल." इमारतीतल्या आणखी दोघी आल्या. आम्ही साकव ओलांडला. शिलाई यंत्रांची डोकी कारागिरांनी आधीच उचलली होती. आमच्या वाट्याला कापडाचे गठ्ठे आले. जीन्सचे कापड कोरडे असतानाही किती जड असते याची मला कल्पना नव्हती.

"मीपण अर्ज देणार भाभी, भिंतीचा," शेठ जिन्यात म्हणाले. "तुमच्यापेक्षा दोन फूट उंच मागणार. मग तुम्ही माझ्याकडे या राहायला!" ते मोठ्याने हसले. आम्हीही हसलो, कारण गठ्ठे घेऊन जिना चढताना दुसरे काही सुचत नव्हते.

वरच्या खोलीत गठ्ठा टाकून सरोजताई घाम पुसत खिडकीशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. दत्ताभाऊ दिवसभर तळमजल्याच्या खिडकीत बसलेले असतात. त्या बाजारात आल्या की साकवावरून एकदा मागे वळून बघायच्या, ते हात हलवायचे. काल त्या खिडकीच्या जागी करडी, ओली, सलग भिंत होती. त्यांनी पदरात खोचलेला फोन काढला. मला फोनमधले ऐकू येत होते. आधी यंत्राची घरघर आली, मग दत्ताभाऊंचा तुटक आवाज.

"काय गं?"

"काही नाही. तुम्ही दिसत नाही इथून."

घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग ते म्हणाले, "मला तरी कुठे कोण दिसतंय."

सरोजताईंनी फोन पुन्हा पदरात खोचला आणि त्या पुढचा गठ्ठा आणायला खाली गेल्या.